जहांआराच्या टोळीतला गडी

साखरखेर्ड्यापासून कोसभर अंतरावर दयारामचं विहिरीचं रान आहे. दोन हजार बारा साली सगळं शिवार करपून गेलं, तेव्हा त्या रानात ठिबकच्या नळ्यांवर दोन एकर कापूस हिरवागार उभा होता. तो कापूस बाजारात न्यायचा नव्हता. बियाण्याचा होता, कंपनीचा प्लॉट होता. एका कडेला नराच्या ओळी आणि बाकी सगळ्या मादीच्या. त्या मादीच्या ओळींतून कमरेला ओटी बांधून वीस बाया चालायच्या, आणि त्यांच्यात एक गडी.

त्या गड्याचं नाव गोविंदा. वय सव्वीस, अंगानं काटक, बोलायला कमी. बाप कडूबा, आई रुखमाबाई, तीन एकर कोरडवाहू. बीटी कापूस नवा आला त्या वर्षी कडूबाच्या बांधावर लोक बोंडं बघायला यायचे. पुढं पिकावर लाल्या आला, पिठ्या ढेकूण आला, आणि कडूबाच्या पाठीवरचा फवारणीचा पंप उतरेनासा झाला. त्यानं मनाशी गाठ मारली होती की पोरगं या मातीत ठेवायचं नाही. पुतण्या निवृत्ती वाळूजच्या एका कारखान्यात होता. त्याच्याकडं त्यानं गोविंदासाठी जागा बोलून ठेवली होती.

गोविंदाला वाळूजला जायचं नव्हतं. त्याला हैदराबादच्या एका मोठ्या विद्यापीठात इतिहास शिकायचा होता. मेहकरला मराठीतून बी.ए. झाला होता, पहिल्या वर्गात. इतिहास त्याला असा यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा त्या लढाईत पाणी वाढायला होता. पण विद्यापीठाची प्रवेश परीक्षा इंग्रजीतून होती. इंग्रजीचे तीन लांबलचक उतारे आधी आणि मग इतिहास. दोनदा त्यानं परीक्षा दिली. दोन्ही वेळा पहिल्या उताऱ्यातून बाहेर पडला नाही, इतिहासाच्या पानापर्यंत पोचलाच नाही.

दुसऱ्या नापासीनंतर कडूबानं त्याला समोर बसवलं.

"येत्या जूनमधी अजून एक डाव दे. नाव लागलं तर खुशाल जाय. नाई लागलं तर एक जुलैले वाळूजच्या गाडीत बसायचं. मग मागं वळून पाहायचं नाई. कबूल?"

"हाव," गोविंदा म्हणाला. त्याच्या सगळ्या आयुष्याची किल्ली त्या एका शब्दात गेली.

आता हा गडी बायकांच्या टोळीत कसा आला, ते सांगतो. आमच्याकडं क्रॉसिंगची, म्हणजे कपाशीच्या संकराची, टोळी बाया मोजत नाही, घरं मोजते. एका घराची एक ओळ. हंगाम सुरू झाला की त्या ओळीत त्या घरचं कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे. कारण कळी कुणासाठी थांबत नाही. आज सोलायची राहिली तर उद्या आपोआप फुलते, स्वतःचाच पराग घेते, आणि तसलं एक बोंड पोत्यात गेलं की कंपनीच्या तपासणीत सगळं बियाणं नापास. रुखमाबाई सहा वर्षं त्या टोळीत होती. ऑगस्टमध्ये विहिरीच्या पायरीवर पाय घसरला आणि तिचं मनगट मोडलं. घरात दुसरी बाई नव्हती. कडूबाची बोटं कुदळीच्या दांड्यासारखी, कळीला हात लावला तर देठासकट हातात यायची. राहिला गोविंदा.

टोळीची मुकादम जहांआरा. पन्नाशीची, पान खाणारी, आवाज असा की तीन रानांपलीकडची बाई कमरेतून सरळ व्हायची. तिनं गोविंदाचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"नख वाढव," ती म्हणाली. "अंगठ्याचं. आठ दिवसांत पायजे."

"अन् बांगड्या?" मनकर्णाबाई मागून बोलली. ही टोळीतली सगळ्यात जुनी बाई. तोंडात दात चार, पण चारही धारदार.

"बांगड्या तुह्याच दे की त्याले काढून!" कुणीतरी म्हणालं, आणि बाया हसत सुटल्या. गोविंदा कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं आईचं जुनं लुगडं फाडून केलेली ओटी कमरेला बांधली आणि आईच्या ओळीत जाऊन उभा राहिला.

कळी सोलणं हे कसबाचं काम आहे. दुपार कलली की उद्या फुलणारी कळी तेवढी निवडायची, टोकाशी दुधाळ झालेली, फुगलेली. देठाजवळ अंगठ्याचं नख लावायचं, गोल फिरवायचं, आणि हलकेच पिळून वर ओढायचं. पाकळ्या आणि परागाचं टोपण एकदम निघून येतं. आत उरते ती मादीची नाजूक दांडी आणि तिच्याखाली इवलं बोंड. नख तसूभर आत गेलं तर बोंड मेलं. परागाचा कण मागं राहिला तर बियाणं मेलं. सोललेल्या कळीवर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्या दांडीवर फिरवायचं आणि खुणेचा दोरा बांधायचा. सोललेल्या पाकळ्या रानात टाकायच्या नाहीत, ओटीत जमा करायच्या. संध्याकाळी जहांआरा प्रत्येकीच्या ओटीत हात घालून पाहायची. पाकळ्यांवरून तिला कळायचं, कुणाचं नख खोल जातं आणि कोण वरवर सोलतं.

पंधरा दिवसांत गोविंदा तयार झाला. महिन्यात त्याची ओळ टोळीतल्या पहिल्या पाचांत आली.

पण तो कामात काहीतरी पुटपुटायचा. सदऱ्याच्या खिशात रोज एक चिठ्ठी असायची, तिच्यावर जुन्या प्रश्नपत्रिकेतलं एक लांब वाक्य. ओळ संपली की चिठ्ठी काढायची, पाहायची, कपाळाला आठ्या घालायच्या आणि परत ठेवायची.

"काय बे गोंद्या," एक दिवस जहांआरा त्याच्या मागं येऊन उभी राहिली. "ताईत हाय का तो? रोज काढून पाह्यतोस तो."

"इंग्रजी हाय, चाची. परीक्षेचं."

"मंग वाच की."

"येत नाई."

"सगळंच येत नाई?"

गोविंदानं चिठ्ठी उलगडली. "यातले दोन शब्द येत नाईत."

"अन् एकून किती?"

त्यानं मोजले. "चव्वेचाळीस."

जहांआरानं पानाची पिंक टाकली. "अरे बेटा, बेचाळीस येतात अन् तू म्हनतो वाचता येत नाई?"

"दोन चुकले तर सगळंच चुकलं ना, चाची. एक फूल चुकलं तर पोतं नापास, तसं."

जहांआराला कळलं की याचं दुखणं कुठं आहे. शुद्ध बियाण्याच्या रानात वाढलेलं घर ते. सहा वर्षं त्याच्या आईनं रोज संध्याकाळी हेच सांगितलं होतं, की एक चुकलं की सगळं गेलं. परीक्षेतही तो तसाच बसला होता. पहिल्या उताऱ्यातल्या एका अनोळखी शब्दापाशी दोन्ही वर्षी थांबला, त्याला सोडून पुढं पाऊल टाकायची हिंमत झाली नाही, आणि बाहेर घंटा वाजली.

"ते बियान्याचं झालं," जहांआरा म्हणाली. "कळीचं सांगू? या झाडाले पन्नास कळ्या हायेत. तू आज किती सोलल्या?"

"सात."

"बाकीच्या?"

"त्यांचा दिवस नाई आज."

"काऊन नाई सोलल्या? येत नाई म्हनून?"

"कच्च्या हायेत म्हनून."

"हां! मंग तुह्या कागदावरच्या कच्च्या कळ्या काऊन खुडून राह्यला? राहू दे झाडावर. जी फुगली तिलेच हात लाव."

गोविंदानं चिठ्ठी पुन्हा समोर धरली. मग जहांआरानं विचारलं, "आता सांग, कागदावर कोन हाय?"

"एक अंमलदार हाय," गोविंदा म्हणाला. "पण त्याच्यानंतर तीन ओळी त्याचा पत्ताच नाई. राजा येतो, राजाच्या बापाचे जुने मंत्री येतात, त्यांचा सल्ला येतो, पाऊस न पडलेला मुलूख येतो. सगळे येऊन जातात अन् शेवटी कोठारं येतात."

"थे सगळं वरचं. पाकळ्या. नख लाव अन् वढ. अंमलदारानं काय केलं?"

गोविंदानं चिठ्ठीवर अंगठ्याचं नख ठेवलं. एका स्वल्पविरामापासून दुसऱ्यापर्यंत नख फिरवलं, तेवढा भाग मनातल्या मनात बाजूला काढला. मग पुढचा. राजा गेला, मंत्री गेले, पाऊस गेला.

"त्याले कोठारं रिकामी दिसली," तो हळूच म्हणाला.

"एवढंच?" पलीकडच्या ओळीतून मनकर्णाबाई ओरडली. "सायबाले कोठार रिकामं दिसलं, अन् त्याच्यासाठी एवढा बोभाटा? मह्या घरी ये म्हना, मी फुकट दाखवते!"

सगळं रान हसलं. गोविंदाही हसला, आणि त्या हसण्यात त्याच्या छातीवरचा दोन वर्षांचा धोंडा पहिल्यांदा हलला.

तेव्हापासून टोळीला नवाच छंद लागला. आधी बाया कामात कोडी घालायच्या, आता दुपारी मनकर्णाबाईच हाक द्यायची, "गोंद्या, आज कोन आलं कागदावर?" गोविंदा सांगायचा. आज एक पाद्री आहे, आज एक जहाज आहे, आज दोन भाऊ आहेत आणि त्यांचा वाडवडिलांपासूनचा तंटा आहे. बायांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण कुणी केलं, काय केलं आणि कुणाला केलं, हे विचारायला त्यांच्याइतकं हुशार कुणी नसतं. गावातली प्रत्येक बातमी त्या असंच उलगडून घेत होत्या. गोविंदा आडवळणाला गेला की कुणीतरी खडसावायचं, "जहाजाचा रंग राहू दे, बुडालं का पोचलं ते सांग!"

आश्विन उजाडेपर्यंत तो वाक्य सोलण्यात इतका सराईत झाला की चिठ्ठी काढताच सांगायचा, कोण आणि काय. त्याला वाटलं, जिंकलं. आणि तिथंच तो फसला.

एक दिवस तो म्हणाला, "आज सोपं हाय. दुष्काळात सरकारनं एका गावाचा सारा माफ केला."

कुणी हसलं नाही. मनकर्णाबाईनं कळीवरचा हात थांबवला. "सरकारनं? आपसूक?"

"हाव, माय. लिहिलेलंच हाय."

"मले पटत नाई," ती म्हणाली. "सत्तर वर्साची झाली मी. सरकार माफ करते तवा त्याच्या मागं एक शेपूट असते. पुन्हा वाच. काय फेकलंस तू?"

गोविंदानं चिठ्ठी काढली आणि पुन्हा वाचली. शेपूट होतं. सारा माफ होणार होता, पण निम्म्या गावानं घरदार सोडून गेल्याचं सिद्ध झालं तरच. त्यानं तो तुकडा पाकळी समजून टाकून दिला होता. उत्तर पार उलटं झालं होतं. परीक्षेत असं लिहिलं असतं तर गेलाच असता कामातून.

त्या संध्याकाळी जहांआरानं नेहमीसारखा त्याच्या ओटीत हात घातला. मूठभर पाकळ्या वर काढल्या, त्याच्या डोळ्यांसमोर धरल्या.

"हे काऊन जमा करायला लावते मी? मले काय हार करायचा हाय याचा? याच्यावरून मले कळते आत काय झालं असन. सोललेलं फेकायचं नसते, बेटा. बाजूले ठेवायचं असते. दांडी सापडली, बरं झालं. आता एकेक पाकळी उचल अन् इचार, तू कोनाची? कवाची? कोन्या अटीवर आलीस?"

गोविंदानं मान डोलावली. त्या दिवसापासून त्याच्या चिठ्ठीवर दोन कामं व्हायला लागली. आधी सोलायचं. मग सोललेला एकेक तुकडा परत जागेवर लावून पाहायचा, आणि प्रत्येक तुकड्यानं अर्थ कुठं वळतो ते टोळीला सांगायचं. हे काम सोलण्यापेक्षा दुप्पट अवघड होतं. कधीकधी एका वाक्याला दोन दिवस लागायचे. न आलेले शब्द त्यानं आता वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतले. कच्च्या कळ्या म्हणायचा त्यांना. आठवड्याच्या बाजारी मेहकरला गेला की वाचनालयात बसून त्यांतल्या पुन्हापुन्हा भेटून पिकलेल्या तेवढ्यांचे अर्थ कोशातून उतरवून आणायचा.

हंगाम सरला. प्लॉटचं बियाणं तपासणीत पास झालं. रुखमाबाईचं मनगट बरं झालं. टोळी हरभऱ्याकडं वळली, मग गव्हाकडं. गोविंदा मात्र रोज दुपारी जेवणाच्या वेळी टोळी जिथं असेल तिथं जायचा, बांधावर बसायचा आणि वाक्य सांगायचा. गावात टवाळी चालायची की कडूबाचं पोरगं बायकांपाशी इंग्रजी शिकतं. कडूबाच्याही कानावर ते जायचं. पण उन्हाळ्यात त्यानं गोविंदाला एक दिवसही नांगरटीला बोलावलं नाही. एकट्यानंच औत धरलं.

जूनच्या दुसऱ्या रविवारी औरंगाबादला परीक्षा होती. गोविंदा आदल्या दिवशी एसटीनं गेला. सकाळी ज्या खोलीत बसला तिथं बहुतेक पोरं शहरातली होती, आपसांत इंग्रजीत बोलत होती. गोविंदानं पेपर उघडला.

पहिला उतारा त्यानं वीस मिनिटांत संपवला. त्यात चार अनोळखी शब्द होते. त्यांना हात न लावता तो पुढं गेला. त्यानं पान उलटलं. तीन डावांत पहिल्यांदाच त्यानं त्या परीक्षेचं दुसरं पान पाहिलं.

तिसऱ्या उताऱ्यात ते वाक्य होतं. नऊ ओळींचं. फ्रान्सच्या जुन्या राज्यातल्या मिठावरच्या कराचं. मध्ये पूर्णविराम नाही. शेजारच्या पोरानं पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं, ते गोविंदाला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं.

त्यानं अंगठा कागदावर टेकवला. कुणी? गावांनी. काय केलं? मीठ घेतलं नाही. बस, एवढीच दांडी. गावांनी मीठ घेतलं नाही. आता पाकळ्या. प्रत्येक घरानं ठरावीक मीठ विकत घेतलंच पाहिजे असा कायदा असूनही. शेजारच्या प्रांतात तेच मीठ स्वस्त मिळत असल्यामुळं. पण ज्या गावांत राजाचे शिपाई मुक्कामाला होते ती गावं सोडून. एकेक तुकडा त्यानं जागेवर बसवला. शेवटचा बसला तेव्हा नऊ ओळी समोर एखाद्या घरासारख्या उभ्या राहिल्या. दार कुठं, खिडकी कुठं, कोण आत आणि कोण बाहेर, सगळं दिसायला लागलं.

खाली प्रश्न होता आणि चार उत्तरं होती. पहिलंच उत्तर म्हणत होतं, सगळ्या गावांनी मीठ नाकारलं. ते अर्धं खरं होतं, उतावळ्यासाठी मांडलेलं. गोविंदानं ते ओलांडलं. ज्या गावांत शिपाई नव्हते त्यांनीच नाकारलं, असं म्हणणाऱ्या तिसऱ्या उत्तराचा गोल त्यानं काळा केला.

घड्याळात अजून पाऊण तास होता. त्यानं इतिहासाचं पान उघडलं आणि पाऊण तास तो नदीच्या पुरासारखा लिहीत गेला.

सत्तावीस जूनला यादी लागली. साखरखेर्ड्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गोविंदानं ती पडद्यावर वरून खाली वाचली. चोवीस नावं होती. सातवं त्याचं. त्यानं दुकानदाराला ते नाव वाचायला लावलं. मग दुकानात आलेल्या एका अनोळखी माणसालाही वाचायला लावलं. तेव्हा कुठं त्याचा विश्वास बसला.

पाऊस वेळेवर झाला होता. टोळी दयारामच्याच रानात निंदणाला होती. बांधावरून पळत येणारा गोविंदा पाहून बाया उभ्या राहिल्या.

"लागलं?" जहांआरानं विचारलं.

"सातवा, चाची."

"कितीत?"

"चोवीसमधी. हजाराच्या वर पोरं बसली होती."

जहांआरानं विळा ओटीत खोवला. मग तिनं ते केलं जे वीस वर्षांच्या मुकादमीत कधी केलं नव्हतं. दिवस डोक्यावर असताना, अर्धं रान बाकी असताना, तिनं टोळीला हाक दिली, "चला व बायांनो, घरी!"

"अन् दयाराम?" कुणीतरी विचारलं.

"दयारामले म्हना, जहांआराच्या टोळीतला गडी पास झाला. उरलेलं उद्या."

दयाराम विहिरीवर होता. त्यानं ऐकलं आणि मोटर बंद करून तोही मागं निघाला. वीस बाया, चिखलानं भरलेले पाय, कमरेला ओट्या, आणि पुढं गोविंदा. रुखमाबाई त्याच्या बाजूला होती, बऱ्या झालेल्या हातानं त्याचा दंड घट्ट धरून. मनकर्णाबाई सगळ्यात मागं राहिली होती, पण आवाज तिचाच पुढं होता. वाटेत जो भेटेल त्याला सांगत होती, "आमी शिकवलं त्याले! इचारा कोनालेबी! कोठाराचं इचारा, साऱ्याचं इचारा!" गावात शिरताना पारावरचे टवाळखोर उठून उभे राहिले. एकानं नुसता रस्ता दिला.

कडूबा अंगणात कुळवाची पास, त्याचं लोखंडी पातं, ठोकत होता. एवढ्या बाया दारात पाहून तो घाबरला. त्याला वाटलं, पुन्हा कुणाचा हात मोडला.

"बा," गोविंदा म्हणाला, "नाव लागलं."

कडूबानं हातोडी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. त्यानं पोराकडं पाहिलं, मग बायकोकडं, मग जहांआराकडं.

"खरं का, भाभी?"

"हाव, भाऊ. सातवा."

कडूबानं खिशातून मोबाईल काढला. निवृत्तीचा नंबर लावला. रेंज मिळावी म्हणून अंगणातून रस्त्यावर आला, रस्त्याच्या अगदी मधोमध उभा राहिला.

"निवृत्ती! कडूबा काका बोलून राह्यलो! ते जागा दुसऱ्या कोनाले दे! आमचं पोरगं येत नाई!"

घरांतून माणसं डोकावली.

"काय म्हनतो? ऐकू येत नाई? आमचं पोरगं येत नाई म्हटलं! हैदराबादले जाते! मोठ्या शाळेत!"

वरच्या आळीतली माणसं खाली आली. कडूबानं छाती भरून श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा सांगितलं, सगळ्यात मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

निवृत्तीला पहिल्याच वेळी सगळं स्वच्छ ऐकू गेलं होतं. दिवाळीला गावी आला तेव्हा त्यानं हे हसत सांगितलं, आणि कडूबानंही ते नाकारलं नाही.